ट्रॅक बंद करा, आपण गाऊया



गेल्या रविवारी आमच्या महिला मंडळाची दशलक्षण पर्वाच्या तयारीची बैठक झाली. विषय दोनच होते. एक, उपवास करणाऱ्यांचं सामुदायिक पारणं. दुसरा, रोज संध्याकाळी आरतीनंतर म्हणायची पदं. पारण्याला आधी मुगाचं पाणी द्यायचं की दूध, यावर पाऊण तास गेला. पदांचा निकाल पाच मिनिटांत लागला. पाच दिवस बाहेरची गायक मंडळी येणार. उरलेले पाच दिवस कराओके ट्रॅक लावून "ज्यांना बरं येतं" अशा तिघीजणी माईकवर गाणार. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

मी हरकत घेतली. "अक्का, आता लोकांना दर्जेदार ऐकायची सवय झालीय," असं उत्तर मिळालं. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनींनी मांडीवरची पदांची वही मिटली आणि पिशवीत ठेवली. आरतीनंतरचं पहिलं पद गेली कित्येक वर्षं त्याच उचलतात. मला हळूच म्हणाल्या, "बरंच झालं, हल्ली घसा साथ देत नाही." त्यांचा घसा मला माहीत आहे. त्याला काहीही झालेलं नाही.

म्हणून हा लेख. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. गाता गाता ओळ फुलवणं ही चारचौघींत बसून गातच येणारी गोष्ट आहे. ती ट्रॅकवर शिकता येत नाही आणि टाळ्या वाजवून तर नाहीच. आपण एकत्र गाणं थांबवलं की नुसता कार्यक्रम बदलत नाही, आपली शाळाच बंद होते.

मी बी.कॉम. झालेली बाई. गाण्याचा क्लास कधी लावला नाही. "कॉलेजची फी भरू की पेटीच्या मास्तरांची?" असं वडील म्हणाले होते, आणि परिस्थितीच तशी होती. तरी मला गाता येतं. कुठे शिकले? माहेरच्या बस्तीत, बायकांच्या मागच्या रांगेत. आजी ओळ सांगायची, सगळ्या उचलायच्या. दुसऱ्या फेरीला ती शेवटच्या शब्दाला जरा वळण द्यायची, कधी खालून वर जाऊन, कधी एकाच अक्षरावर थांबून. आम्ही तेच वळण घ्यायचो. तिसऱ्या फेरीला मागच्या रांगेतली एखादी काकू स्वतःचंच काहीतरी करायची. आजी हसून मान डोलवायची आणि पुढच्या फेरीला काकूचं वळण सगळ्यांचं व्हायचं. याला शास्त्रीय गाण्यात उपज म्हणतात, हे मला पन्नाशीनंतर कळलं. आम्ही नुसतं "आज पद रंगलं" म्हणायचो.

मोठे गवई काही वेगळ्या वाटेने शिकले असं नाही. तालमीत गुरू गातो, शिष्य मागून म्हणतात. मैफलीत तेच शिष्य मागे तानपुरा घेऊन बसतात आणि गुरू श्वास घ्यायला थांबला की तेवढी जागा भरतात. पुढे काय येणार हे त्यांना माहीत नसतं. ऐकायचं आणि सोबत जायचं. किशोरीताई आमोणकर अशाच आई मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुऱ्यावर बसत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि सामान्य घरातली मुलं एका वर्गात बसून गाणं शिकू लागली. वारकऱ्यांचं भजन पाहा. एकजण चाल धरतो, टाळकरी ती उचलतात. त्यातल्या किती जणांनी क्लास लावलेला असतो?

आता ट्रॅक काय करतो बघा. तो कुणासाठी थांबत नाही. एखाद्या शब्दावर तुम्हाला भरून आलं, तो शब्द पुन्हा घ्यावासा वाटला, तर ट्रॅक पुढे निघून गेलेला असतो. शिवाय त्याची पट्टी मूळ गायिकेच्या गळ्याची. साठीनंतर आपला आवाज खाली येतो. त्या पट्टीत आपण चिरकतो आणि स्वतःलाच दोष देतो की घसा साथ देत नाही. पट्टी बदलता येते म्हणे, पण आजवर कुणी बदललेली मी पाहिली नाही.

माझ्यावर जे आक्षेप आले, त्यांना एकेक करून उत्तर देते.

"स्तोत्रात फेरफार म्हणजे अविनय." मान्य. भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे. प्रत्येक चरणात १४ अक्षरं, लघु-गुरू ठरलेले. आपण ४८ श्लोक म्हणतो तेव्हा ऱ्हस्वाचं दीर्घ होता कामा नये. तिथे फुलवायला जाऊच नका. पण पदं आणि आरत्या आपल्या आज्यांनी चाली बदलत बदलतच आपल्यापर्यंत आणल्या. शब्द तोच ठेवून सूर बदलला तर त्यात अविनय कुठला? सिनेमाच्या गाण्याच्या ट्रॅकवर जिनस्तुती बसवतो, तेव्हा मात्र कुणाला अविनय आठवत नाही.

"स्वतःचं काही गाणं म्हणजे मान कषाय." उलट आहे. गटात तुमचं वळण पुढच्याच फेरीला सगळ्यांचं होतं. ते कुणाचं होतं हे घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही. मान पोसला जातो तो माईकने, फ्लेक्सवरच्या फोटोने आणि शाल-श्रीफळाने.

"कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींचं फळ मिळतं. मग दुसऱ्याकडून गाऊन घेतलं तर बिघडलं कुठे?" हे मला एका अभ्यासू ताईंनी ऐकवलं. ताई, सामायिक आपण माणूस लावून करून घेतो का? अनंत चतुर्दशीचा उपवास पगारी बाईकडून करून घेतो का? भक्तीत भाव आपला लागतो. जिला गायचं नाही तिने ऐकून अनुमोदना करावी, चांगलंच आहे. पण जिला गायचं आहे तिला गप्प बसवायचं आणि त्याला अनुमोदना म्हणायचं, हे मला पटत नाही.

"बेसूर होतं, लोक हसतात." होतं. सुरुवातीला होणारच. आपल्या पहिल्या पोळीचा नकाशा झाला म्हणून आईने हातातलं लाटणं काढून घेतलं असतं, तर आज घरात पोळ्या कुणी केल्या असत्या?

नुसती तक्रार करून ताळेबंद जुळत नाही, हे कॉमर्सने शिकवलं आहे. म्हणून करून पाहिलेलं सांगते. गेल्या चातुर्मासात आम्ही सातजणी दर मंगळवारी दुपारी माझ्या घरी बसलो. गोल बसायचं, म्हणजे पहिली रांग-मागची रांग राहत नाही. मोबाइलवर तानपुरा लावायचा. पट्टी पांढरी चार, कारण काळी चार आम्हाला झेपत नाही. पाच मिनिटं नुसता सा. मग भूप, कारण त्यात पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. स्वर कमी तेवढा घोटाळा कमी. हाताने आठ मात्रांचा केरवा धरायचा. एकीने एक आवर्तन मनाला येईल तसं गायचं, बाकीच्यांनी तेच जसंच्या तसं परत म्हणायचं. मग पुढची.

यात एकच नियम ठेवला. कुणी चुकली तरी सगळ्यांनी तीच चूक गायची. सातजणींनी गायली की ती चूक वाटत नाही, नवी जागा वाटते. चुकणारीला लाज उरत नाही आणि पुढच्या वेळी ती जास्त धीट होते.

महिन्याभराने पदं घेतली. शब्द तेच, फक्त ओळीचा शेवट आपला, आणि समेवर सगळ्यांनी एकत्र यायचं. एक जण फिरत असताना बाकीच्यांनी हळू आवाजात सा धरून ठेवायचा, म्हणजे तिला परतायचं घर माहीत असतं.

निकाल? खोटं सांगणार नाही. सातपैकी दोघींना अजूनही सम सापडत नाही. पण माझ्या सुनेचं उदाहरण सांगते. तिने लग्नाआधी गाण्याच्या तीन परीक्षा दिल्यात. पहिल्या मंगळवारी सगळ्यात जास्त तीच अडखळली. वहीतल्या ताना पाठ होत्या, पण स्वतःच्या आठ मात्रा सुचेनात. पाचव्या मंगळवारी सुचल्या, त्याही वहिनींच्या एका वळणावरून. ज्या वहिनींना आपण आता टाळ्या वाजवायला बसवणार आहोत, त्याच या.

मंडळाकडे माझी मागणी मोठी नाही. पाच दिवस बाहेरचे गायक येऊ द्या, आवडीने ऐकू. उरलेले पाच दिवस ट्रॅक नको. बस्तीतल्या पेटीचा भाता तीन वर्षांपासून फाटलेला आहे. गायकांचा एक दिवस कमी केला तर तो दुरुस्त होऊन पैसे उरतील, हिशेब मी मांडून देते. पेटी, टाळ आणि आपण सगळ्या. पहिलं पद वहिनींनी उचलायचं.

मंगळवारी दुपारी तीनला माझं दार उघडं आहे. ज्यांना वाटतं आपल्याला अजिबात येत नाही, त्यांनी आधी यावं. वहिनींना वही घेऊन या म्हणून निरोप दिलाय. "बघते" म्हणाल्या.

या लेखाने कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मत मात्र बदललेलं नाही.

जय जिनेंद्र.