गृहारोग्य : हुळहुळ्या चेहऱ्यासाठीं उन्हाचा लेप

उन्हाळा जवळ आला कीं या सदराकडे चेहऱ्याच्या तक्रारींचीं पत्रें अधिक येऊं लागतात. त्यांतील एक तक्रार निरनिराळ्या गांवांहून, पण जवळजवळ एकाच भाषेंत येत असते. गाल आणि नाक सारखे तापल्यासारखे वाटतात. शेगडीपुढें, उन्हांत, किंवा चार माणसांत संकोच वाटला असतां चेहऱ्यावर एकदम झळ आल्यासारखें होतें. आणि उन्हापासून बचाव व्हावा म्हणून बाजारांतील सनस्क्रीन लावावें, तर त्यानेंच अधिक भगभगतें. मग घरांतील वडील मंडळी म्हणतात कीं हीं नवीं खुळें सोडून द्या, आणि कॉलेजांत जाणारी मुलगी म्हणते कीं याहून महाग नळी आणा. दोघांचेंहि म्हणणें पुरतें बरोबर नाहीं. म्हणून या खेपेस याच एका विषयाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

ज्या विकारांत त्वचेची अशी स्थिति होते त्याला वैद्यकांत रोझेशिया म्हणतात. गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी या ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षुल्लक कारणानें विस्फारतात. पुढें पुढें त्या तशाच राहतात आणि लाली कायमची होते. कांहींना लहान लहान पुटकुळ्या येतात, कांहींचे डोळे खुपतात व लाल होतात. हा गोऱ्या लोकांचा रोग आहे असें पूर्वीं मानीत. आतां तज्ज्ञांचें मत तसें नाहीं. गव्हाळ किंवा सांवळ्या वर्णावर लाली उठून दिसत नाहीं, म्हणून रोग ओळखूं येत नाहीं, इतकाच त्यांतला अर्थ. आपल्याकडील स्त्रीला आरशांत लाली दिसण्याऐवजीं हाताला ऊब लागते, कातडी ताणल्यासारखी वाटते आणि साधें पाणी लावलें तरी चुरचुरतें. अशा वेळीं दिसण्यापेक्षां जाणवण्यावर अधिक विश्वास ठेवावा. पुटकुळ्या पाहून पुष्कळदां त्या तारुण्यपीटिकाच समजल्या जातात व त्यांवर जालीम औषधें लावलीं जातात. तारुण्यपीटिकांत रंध्रांमध्यें काळे-पांढरे ठिपके दिसतात, रोझेशियांत ते नसतात. आणि वयहि बहुधा तिशी उलटलेलें असतें.

हा विकार केवळ बायकांचा नव्हे. पुरुषांत तो कधीं कधीं नाकावर उतरतो आणि नाकाची त्वचा जाड व गाठाळ होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत डोमेनिको गिर्लांदायो या इटालियन चित्रकाराचें सुमारें १४९० सालचें एक चित्र आहे. त्यांत एक नातू आजोबांना बिलगून त्यांच्या मुखाकडे टक लावून पाहत आहे, आणि आजोबांचें नाक अशाच गाठींनीं भरलेलें आहे. नातवाच्या दृष्टींत किळस मुळींच नाहीं. आपल्या समाजांत मात्र असें नाक दिसलें कीं मद्यपानाचा संशय घेण्यास लोक चुकत नाहींत. मद्यानें हा विकार बळावतो हें खरें. परंतु जन्मांत थेंबहि न घेतलेल्या गृहस्थांस तो होतो, तेव्हां मामंजींच्या किंवा काकांच्या नाकावरून तर्क बांधणें अन्यायाचें आहे.

लेपाकडे वळण्यापूर्वीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. गालांवर लाली, उन्हानें ती वाढणें, आणि तिच्या जोडीला सांधेदुखी, बारीक ताप, केस गळणें किंवा तोंडांत व्रण अशीं लक्षणें असलीं, तर तो ल्युपस नांवाचा सर्व शरीराचा रोग असण्याचा संभव असतो. तेथें विलंब न करतां डॉक्टरांस दाखवावें. दुसरी गोष्ट याहून अधिक घरांत आढळते. मुलगी दाखवावयाची आहे, डाग जावेत, रंग उजळावा, म्हणून शेजारणीच्या शिफारशीनें औषधाच्या दुकानांतून एखादी नळी आणली जाते. तिच्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असें बारीक अक्षरांत छापलेलें असतें. हीं स्टेरॉइडें होत. पहिले कांहीं आठवडे चेहरा खरोखरच नितळ दिसतो, आणि तेथेंच फसगत होते. पुढें कातडी पातळ होते, शिरा दिसूं लागतात, आग होते. नळी थांबविली कीं चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून ती पुन्हां लावली जाते. हीं लक्षणें रोझेशियासारखींच असतात. २०१८ सालीं भारत सरकारनें अशा लेपांस अनुसूची 'एच्'मध्यें घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री होऊं नये असें ठरविलें, तरी घरांतील कपाटांत त्या नळ्या असतातच. अशा चेहऱ्यावर कोणतेंहि सनस्क्रीन झोंबतें, आणि दोष मात्र बिचाऱ्या सनस्क्रीनवर येतो. ती नळी सोडण्याची रीत त्वग्रोगतज्ज्ञास विचारूनच ठरवावी. घरांतील वडील स्त्रियांनीं या बाबतींत सुनांवर व मुलींवर 'उजळण्या'ची सक्ति करूं नये, असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.

आतां उन्हाविषयीं. सूर्याचे जे अतिनील किरण आपल्यापर्यंत पोंचतात त्यांचे दोन वर्ग आहेत. २९० ते ३२० नॅनोमीटर लांबीचे 'बी' किरण कातडी भाजतात. ३२० ते ४०० नॅनोमीटरचे 'ए' किरण अधिक खोल जातात, आणि खिडकीच्या कांचेंतूनहि बऱ्याच अंशीं आंत येतात. तेव्हां बंद खिडकीशीं बसून तांदूळ निवडणाऱ्या किंवा मोटारींतून प्रवास करणाऱ्या बाईला ऊन लागत नाहीं असें समजूं नये. श्रावणांतील विरळ ढगांतूनहि या किरणांचा मोठा भाग खालीं येतो. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : रोझेशियाच्या रुग्णास उन्हाइतकीच उष्णता बाधते, आणि कोणताहि लेप उष्णता अडवीत नाहीं. उत्तम लेप लावूनहि शेगडीपुढें तासभर उभें राहिल्यावर, कढत चहानें किंवा दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या कडकडीत पाण्यानें चेहरा पेटला, तर लेप निरुपयोगी ठरला असें होत नाहीं.

डब्यावरील 'एस. पी. एफ.' हा आंकडा मुख्यतः 'बी' किरणांपुरता असतो. ३० आंकड्याचा लेप पुरता लावला असतां भाजणाऱ्या किरणांपैकीं शेंकडा सुमारें ३ आंत येतात, ५० आंकड्याच्या लेपांतून २. म्हणजे ३० च्या पुढें आंकडा वाढतो त्या मानानें लाभ वाढत नाहीं, आणि १०० च्या मागें लागण्यांत अर्थ नाहीं. 'ए' किरणांसाठीं जपानांत १९९६ सालीं 'पी. ए.' आणि त्यापुढें अधिकाच्या खुणा अशी पद्धत सुरू झाली. आज त्या खुणा चारपर्यंत असतात. युरोपांतील डब्यांवर वर्तुळांत 'यू. व्ही. ए.' अशीं अक्षरें असलीं तर 'ए' किरणांपासूनचें रक्षण छापील आंकड्याच्या निदान एक-तृतीयांश असतें. आमच्या मतें एस. पी. एफ. ३० किंवा ५० व पी. ए.च्या तीन तरी खुणा पाहाव्या, आणि उरलेलें सर्व लक्ष त्या लेपांत काय घातलें आहे याकडे द्यावें. हुळहुळ्या त्वचेचें सुखदुःख आंकड्यावर नसून त्यावर आहे.

किरण अडविणाऱ्या द्रव्यांचीं दोन कुळें आहेत. पहिलें खनिजांचें : झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी, आणि टिटॅनियम डायऑक्साइड. दुसरें सेंद्रिय रसायनांचें : अव्होबेंझोन, ऑक्सिबेंझोन, ऑक्टोक्रिलीन इत्यादि. खनिजें आरशाप्रमाणें किरण परतवितात आणि रसायनें ते शोषून चेहरा तापवितात, असें सर्वत्र सांगण्यांत येतें. तें बरोबर नाहीं. खनिजेंहि बहुतेक किरण शोषूनच घेतात, आणि त्यांतून होणारी उष्णता नगण्य असते. खनिजांचा खरा गुण वेगळा आहे : तीं कातडीवर बसून राहतात, झोंबत नाहींत, आणि त्यांची ॲलर्जी क्वचितच होते. उलट, ऑक्सिबेंझोनमुळें उन्हांत ॲलर्जी उठल्याचीं उदाहरणें वैद्यकांत पुष्कळ नमूद आहेत, आणि अव्होबेंझोनचा लेप घामाबरोबर डोळ्यांत उतरला म्हणजे डोळे चुरचुरतात. अमेरिकेंतील त्वग्रोगतज्ज्ञांची संस्था रोझेशियाच्या रुग्णांस झिंक, टिटॅनियम किंवा दोन्ही असलेला, सुगंध नसलेला लेप घ्यावयास सांगते. त्यांत डायमेथिकोन नांवाचें सिलिकोन असल्यास चुरचुर कमी होते असेंहि तिचें म्हणणें आहे. नव्या रसायनांपैकीं टिनोसॉर्ब हें कातडींत फारसें मुरत नाहीं, व खनिजांचा जाडपणा न सोसणाऱ्या कित्येकांस तें मानवतें.

खनिजांचा एक दोष आपल्या वर्णावर विशेष जाणवतो. गव्हाळ चेहऱ्यावर तीं राखुंडी फांसल्यासारखीं दिसतात, आणि मग लग्नकार्याच्या दिवशीं नेमका लेप टाळला जातो. यावर उपाय म्हणजे लोहाचीं ऑक्साइडें घालून रंगविलेला लेप. घरोघर ठाऊक असलेलें कॅलामाइन लोशन गुलाबी दिसतें तें याच कारणानें : त्यांतहि झिंक ऑक्साइडांत थोडें लोहाचें ऑक्साइड असतें. (म्हणून कॅलामाइनलाच सनस्क्रीन मानूं नये, त्याची तशी कसोटी घेतलेली नसते.) रंगीत लेपाचा आणखी एक लाभ आहे. आपल्या वर्णाच्या त्वचेवर दृश्य प्रकाशानेंहि काळे डाग पडतात, आणि त्या प्रकाशास लोहाचीं ऑक्साइडेंच अडवितात. शिवाय लाली झांकली जाते ती वेगळीच.

भारतांत सनस्क्रीन हें सौंदर्यप्रसाधनांत मोडतें, अमेरिकेंत औषधांत. तरी घटकांची यादी आपल्याकडेहि डब्यावर असतेच. ती भिंग घेऊन वाचण्याचा कंटाळा करूं नये. सुगंध, मद्यार्क, मेंथॉल, कापूर, सुवासिक तेलें, आणि ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्ल हीं असल्यास नळी परत ठेवावी. 'हर्बल', 'नैसर्गिक', 'नाजूक त्वचेसाठीं' या शब्दांवर विसंबूं नये. मेंथॉलचा थंडावा तर विशेष फसवा आहे. तो क्षणभर सुख देतो आणि मागाहून आग करतो.

नवी नळी आणली कीं ती थेट चेहऱ्यावर लावूं नये. हाताच्या कोपराच्या आंतील बाजूस रुपयाएवढ्या जागेंत दिवसांतून दोनदां, सात ते दहा दिवस लावून पाहावें, नंतर जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस, मग गालांवर. सांगावयास हें कंटाळवाणें वाटतें, पण पंधरा दिवसांची ही कसोटी महिनाभराच्या दाहापेक्षां स्वस्त पडते.

लेप किती लावावा याविषयीं मात्र बहुतेक घरांत गैरसमज आहे. डब्यावरील आंकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून काढलेला असतो. चेहरा आणि मान मिळून सुमारें ६०० चौरस सेंटिमीटर धरलें, तर एका वेळीं १.२ ग्रॅम लागतो, म्हणजे तर्जनी व मधलें बोट यांच्या लांबीभर दोन रेघा. दिवसांतून दोनदां लावलें तर ५० ग्रॅमची नळी तीन आठवड्यांत संपते. ज्या घरांत एक नळी तिघीजणी मिळून चार महिने पुरवितात, तेथें ५० आंकड्याच्या लेपापासून फारच थोडें रक्षण मिळत असतें. काटकसर करावयाची असेल तर ती महाग नांवांत करावी, मात्रेंत करूं नये. लेप चोळूं नये; ठिकठिकाणीं ठेवून हलक्या हातानें पसरावा. औषधाचा मलम आधीं, मग साधी स्निग्ध क्रीम, सर्वांत शेवटीं हा लेप. आणि बाहेर जाण्यापूर्वीं पंधरा मिनिटें. उन्हांत राहावें लागलें तर दर दोन तासांनीं पुन्हां. रोझेशियासाठीं डॉक्टर डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या देतात, त्यांनीं कातडी उन्हाला अधिक हळवी होते. त्या चालू असतां तर लेप चुकवूंच नये.

हळद, बेसन, मसुरीचें उटणें, मुलतानी माती हीं या चेहऱ्यावर घासूं नयेत; निरोगी कातडीला जें सोसतें तें येथें ओरखडे काढतें. लिंबाचा रस लावून उन्हांत जाणें तर निरोगी माणसासहि घातक आहे. त्यानें फोड येऊन काळे डाग राहतात. चंदनाचें गंध थंड वाटतें, परंतु त्यानें ऊन अडत नाहीं. जुन्या वस्तूंपैकीं खरी कामाची एकच, ती छत्री : गडद रंगाची, दाट विणीची. सकाळीं दहा ते दुपारीं चार या वेळांत ती हातीं असावी. रात्रीं लेप काढतांना कोमट पाणी व सौम्य, फेस न करणारें धावन घ्यावें, आणि पंचानें तोंड खसखसून न पुसतां टिपून घ्यावें.

कांहीं चेहरे इतके चिडलेले असतात कीं त्यांना त्या वेळीं कोणताच लेप सोसत नाहीं. अशा वेळीं नळीमागून नळी आणण्यापेक्षां सर्व लेप बंद ठेवून छत्री व सांवली यांवर भागवावें आणि डॉक्टरांकडून मेट्रोनिडाझोल, ॲझेलेइक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिन यांपैकीं योग्य तो उपचार घ्यावा. दाह शमल्यावर पूर्वीं झोंबलेला लेपहि कधीं कधीं निमूटपणें सोसला जातो. म्हणून नापसंत झालेली नळी लगेच फेंकून न देतां, मुदतीची तारीख पाहून बाजूला ठेवावी.