लिंकमध्ये लपलेली ‘नवी ओळ’ सर्व्हरला कशी फसवते?

पोस्टमध्ये लिंक टाकली की लगेच प्रिव्ह्यू दिसतो. त्यासाठी वेबसाइटचा सर्व्हर ती लिंक स्वतः उघडून पाहतो. या कामी तो जी विनंती पाठवतो, तिच्यात प्रत्येक सूचना वेगळ्या ओळीवर असते. मग कुणी लिंकमध्येच ‘नवी ओळ’ सुरू करणारी अदृश्य चिन्हं घुसवली तर? त्यापुढचा मजकूर पत्ता न राहता हुकूम बनतो.

पायथनच्या ‘यूआरएललिब’मध्ये २०१९ साली हीच त्रुटी नोंदली गेली. तिच्यामुळे सर्व्हरमागच्या रेडिस डेटाबेसलाही हुकूम पाठवणं शक्य होतं. ३.७.४ आवृत्तीत दुरुस्ती आली. पण जुनीच आवृत्ती चालवणाऱ्या सर्व्हरवर धोका कायम राहतो आणि वापरकर्त्याला तो दिसतही नाही. म्हणूनच आलेली प्रत्येक लिंक आधी तपासणं ही वेबसाइट चालवणाऱ्यांचीच जबाबदारी आहे.