बिलिंगची शॉर्टकट की कोण पळवतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवलं तेच इथे लिहून ठेवते, सोबत माझं मतही. एक शॉर्टकट चालेना म्हणून बिलिंगचा कॉम्प्युटर थेट फॉरमॅटला देणं हा आळस आहे, आणि तो दुकानदाराला महागात पडतो.

माझ्या बॅचमधल्या एका हार्डवेअरवाल्या दादांचंच बघा. टॅलीप्राइममध्ये प्रिंटचा मेनू उघडायला ते ऑल्ट + पी दाबायचे. एक दिवस दाबलं तर काहीच होईना. कीबोर्ड नवीन आणला, तरी तेच. मग माउसने काम सुरू. वर मलाच म्हणाले, "ताई, दहा सेकंदांनी काय बिघडतंय?" करा ना हिशोब. दिवसाला १५० बिलं, प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं. तीही गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना.

आता हे होतं कसं ते समजून घ्या. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, अगदी तसंच. मागे चालणारं एखादं सॉफ्टवेअर सुरू होताच विंडोजला सांगतं, "हे बटण माझं." त्यानंतर तुमच्यासमोर टॅली उघडी असो नाहीतर एक्सेल, ते बटण आधी त्या रुमालवाल्याकडे जातं. दुसऱ्या कुणी तीच की मागितली तर विंडोज नाही म्हणतं, आणि बरीच सॉफ्टवेअर हा नकार तुम्हाला कळवतही नाहीत. म्हणूनच काल चालणारी की आज रीस्टार्टनंतर बंद पडू शकते. ज्याचा रुमाल आधी, त्याची सीट. आणि रुमाल कुणाचा हे विंडोजच्या सेटिंगमध्ये कुठेही एका जागी लिहिलेलं नसतं. खरी चीड येते ती इथे.

शोधायला लागण्याआधी एक साधी गोष्ट. लॅपटॉपवर एफ८ दाबल्यावर सेल्स व्हाउचर उघडायच्या ऐवजी आवाज किंवा ब्राइटनेस बदलत असेल, तर चोर कुणी नाही, एफएन लॉकचा घोळ आहे. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केपने तो सुटतो. तसंच प्रिंट स्क्रीन दाबल्यावर फोटो भलतीकडे जात असेल, तर वनड्राइव्हमधलं स्क्रीनशॉट सेव्ह करण्याचं सेटिंग आणि विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीखालचं कीबोर्डचं पान, या दोन जागा आधी बघा.

हे नसेल तर खाली उजवीकडे घड्याळाशेजारी जे छोटे आयकॉन असतात, त्यातलं एकेक बंद करा आणि प्रत्येक वेळी की दाबून बघा. सगळे एकदम बंद केलेत तर की चालेल, पण चोर कळणार नाही! टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत १६ नावं असतील तर निम्मी बंद करून रीस्टार्ट करा. की चालली तर चोर बंद केलेल्यांत, नाही चालली तर उरलेल्यांत. चार फेऱ्यांत एक नाव उरतं. बंद केलेली नावं वहीत लिहा, आणि बिलिंग सॉफ्टवेअरच्या सर्व्हिसला हात लावू नका.

आणखी सोपं हवंय? हॉटकी डिटेक्टिव्ह नावाचं छोटं मोफत टूल गिटहबवर आहे. ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं आणि बिघडलेली की दाबायची. ज्याने ती विंडोजकडे नोंदवून ठेवलीय त्याचं नाव समोर येतं. नाव एक्सप्लोरर आलं तर डेस्कटॉपवरच्या किंवा स्टार्ट मेनूतल्या एखाद्या आयकॉनलाच कुणीतरी ती की दिलेली असू शकते. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे शॉर्टकट कीचा रकाना बघा. काही सॉफ्टवेअर नोंदणी न करता कीबोर्डवरच पहारा ठेवतात. ती या टूलला सापडत नाहीत, त्यांना वरची निम्म्या-निम्म्याची पद्धतच लागू पडते.

दादांकडे कोण निघालं? भाच्याने रील बनवायला टाकलेला एक फुकटातला स्क्रीन रेकॉर्डर. त्यात रेकॉर्डिंग थांबवायची की होती ऑल्ट + पी. फॉरमॅट मारला असता तर पैसे आणि अर्धा दिवस गेला असता, आणि भाच्याने पुढच्या रविवारी तोच रेकॉर्डर परत टाकला असता.

माझं तर स्पष्ट म्हणणं आहे, बिलिंगचा कॉम्प्युटर हा गल्ल्यासारखा आहे. गल्ल्यात कुणी हात घातला तर तुम्ही विचारता ना? मग इथे कोण काय टाकतंय ते का विचारत नाही? "पोरं शिकतायत, शिकू द्या" म्हणणारे बरेच भेटतात. शिकू द्या की, पण दुसऱ्या मशीनवर.

चोर सापडला म्हणून तो काढूनच टाकावा असंही नाही. त्याच्या सेटिंगमध्ये हॉटकी किंवा शॉर्टकट नावाचं पान असतं, तिथे ती की पुसा किंवा बदला. मग रीस्टार्ट करून बिलावर एकदा दाबून बघा. त्या सॉफ्टवेअरचा अपडेट आला की पुन्हा बघा, कारण कधीकधी जुनी की परत येऊन बसते.