निदानाला खाट कशाला हवी?

पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणारे कर्करुग्ण आणि पदपथावर मुक्काम केलेली त्यांची कुटुंबे मुंबईकरांच्या परिचयाची आहेत. हा ओघ कमी व्हावा म्हणून वाराणसीत टाटा स्मारक केंद्राची दोन रुग्णालये सुरू झाली. २०१८ मध्ये लहरतारा येथील जुन्या रेल्वे कर्करोग रुग्णालयाच्या जागी होमी भाभा रुग्णालय आले. पाठोपाठ २०१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात महामना मदन मोहन मालवीय केंद्र उभे राहिले. उपचार जवळ आले. परंतु ज्याचा रोग ओळखलाच गेला नाही, तो रुग्ण या दारापर्यंत येणार कसा?

लहान आतड्यातील गाठींचे असेच होते. त्या विरळ असतात आणि दडून बसतात. तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर ओलांडून थोडीच पुढे जाते, खालून घातलेली मोठ्या आतड्याच्या टोकाशी थांबते. मधले कित्येक मीटरचे वेटोळे नजरेआड राहते. गाठीतून रक्त झिरपत राहते, हिमोग्लोबिन उतरते आणि रुग्णाला लोहाच्या गोळ्या मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा देशात आणखी एका फिकट चेहऱ्याकडे संशयाने कोण पाहणार?

कॅप्सूल एंडोस्कोपीने हा प्रदेश उजेडात आणला. क्षेपणास्त्रांच्या दृष्टियंत्रणेवर काम केलेले इस्रायली अभियंते गॅव्ह्रिएल इद्दान यांची ही कल्पना. अमेरिकेत तिला २००१ मध्ये मान्यता मिळाली. जेमतेम २६ मिलिमीटर लांबीची ही कुपी रुग्ण पाण्याबरोबर गिळतो. सुमारे आठ तासांत ती पन्नास हजारांच्या आसपास चित्रे टिपते आणि शौचावाटे निघून जाते. (दिवोदासाच्या काशीशी नाते सांगणाऱ्या सुश्रुतसंहितेत आतडे उघडून काळ्या मुंग्यांच्या डोक्यांनी सांधण्याचा विधी आहे, पोट न उघडता आत पाहणे मात्र त्या आचार्यांच्याही आवाक्याबाहेरचे होते.)

कॅप्सूलचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा विसरू नयेत. तिला तपासणीसाठी तुकडा घेता येत नाही; अस्तराखालची गाठ तिच्या नजरेतून निसटू शकते. क्षयरोगाने आतडे अरुंद झाले असेल तर ती अडकते, आणि आपल्याकडे पोटाचा क्षय दुर्मीळ नाही. म्हणून आधी सीटी स्कॅन किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल, हा क्रम पाळावा लागतो.

खरा अडसर मात्र धोरणाचा आहे. आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते, पण ती खाटेभोवती रचलेली आहे. बाह्यरुग्ण उपचार तीत नाहीत. रुग्ण दाखल झाला तरच आधीच्या तीन दिवसांच्या तपासण्यांचा खर्च मिळतो. कॅप्सूल गिळणारा मनुष्य त्या दिवशी घरी जातो. प्रशासनात असताना आम्हीही खाटाच मोजत होतो. लेखापरीक्षकाला त्या दिसत असत.

दोन्ही दुर्बिणींच्या तपासण्या निर्दोष असूनही रक्तक्षय हटत नसेल, तर शिक्षण-रुग्णालयातील तज्ज्ञाच्या शिफारशीवर ही तपासणी बाह्यरुग्णालाही मोफत मिळावी. चित्रे वाचण्यास अनुभवी डोळा आणि वेळ लागतो. पण ती गाझीपूर किंवा चंदौलीहून वाराणसीला संगणकावर पाठवता येतात. यासाठी नवा कायदा नको. उपचारसंचांची यादी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण वेळोवेळी सुधारतेच. पुढच्या फेरीत हा प्रश्न विचारार्थ ठेवावा.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)