लांबचा नेम आणि उसातला बिबट्या

सोमवारी आमच्या जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा बाजार. बैलबाजाराच्या कडेला चहाच्या टपरीवर एक पोरगा मोबाइलवर शिकार दाखवत होता. अमेरिकेतला कोणी शिकारी डोंगराच्या एका धारेवर पालथा पडलेला, सांबरासारखं जनावर समोरच्या धारेवर, मधे सात-आठशे मीटरची दरी. बार झाला, जनावर खाली बसलं. "काडतूस त्यानं घरी भरलंय, तात्या," पोरगा म्हणाला. "आपल्याला असे परवाने द्या, बघा, तालुक्यात एक बिबट्या राहतो का!" आजूबाजूच्या माना डोलल्या. माझी डोलली नाही. का, ते तिथल्या गलक्यात सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगतो.

पोराचं एक म्हणणं खरं आहे. घरी काडतूस भरणं हा नाद नाही, कारागिरी आहे. उडवलेली पितळी पुंगळी पुन्हा साच्यातून काढायची, तिचं तोंड शेकून मऊ करायचं, बुडाची जळकी टोपी काढून नवी बसवायची, मग दारू तोलायची आणि वर गोळी दाबायची. दारूचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. हे लोक ग्रेनचाही दहावा हिस्सा तोलतात, म्हणजे तांदळाच्या दाण्याचा तिसरा-चौथा भाग. तेवढ्या फरकानंही गोळीचा वेग हलतो आणि लांबवर ती वर-खाली जाते. तोलात मोठी चूक झाली तर बंदूक भरणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. अशा हातांबद्दल मला आदर आहे. आपल्याकडेही अचूकपणाचं हे वेड आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलचं कांस्य मिळवलं. त्या प्रकारातलं बारीक काडतूस घरी भरण्यासारखं नसतं, म्हणून नेमबाज आपल्या नळीला मानवणारा काडतुसांचा घाणा उडवून-उडवून निवडतात.

पण कारागिरी खरी म्हणून तिचा इथला उपयोग खरा होत नाही. लांबच्या शिकारीला दोन गोष्टी लागतात: दिसणारं जनावर आणि मोकळं रान. आपला बिबट्या कुठं असतो? पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी फिरलं, ऊस आला, आणि सरीत, पाचटावर बिबट्याची मादी विऊ लागली. बारा महिन्यांच्या उसात उभं राहून बघा, चौथ्या सरीतला माणूस दिसत नाही. पाचशे मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात जनावर पाऊल टाकतं आणि काळजाची गोळी पोटात बसते. जखमी बिबट्या उसात शिरला तर दुसऱ्या दिवशी त्या उसात तोड कोण घालणार? आणि चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. आपल्याकडे गाव गावठाणात कमी आणि मळ्यात जास्त राहतं. बेल्ह्याच्या कुठल्याही बांधावरून तीन किलोमीटरांत वस्ती नाही अशी एक दिशा मला दाखवा.

"पण साहेब लोक मारत होतेच की," असंही कोणी म्हणालं. मारत होते, पण कसे? रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं आठ वर्षांत सरकारी हिशेबानं 125 माणसं खाल्ली. 1926 साली शिकारी जिम कॉर्बेटनं त्याला मारलं ते आंब्यावरच्या मचाणावरून, रात्री, बॅटरीच्या उजेडात, खाली बांधलेल्या बकरीपाशी. दरीपलीकडून नव्हे. माझ्या चुलत्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक होती, खडकीच्या कारखान्यातल्या शक्तिमान काडतुसांची. डुकरांवर चाळीस पावलांपलीकडे त्यांनी कधी बार टाकला नाही. "दिसलं म्हणून उडवायचं नसतं," एवढंच म्हणायचे.

"मग सरकारी नेमबाज मारतात, ते चालतं?" चालतं, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक तशी लेखी परवानगी देतात, तीही जनावर माणसाच्या जिवावर उठलंय आणि पकडता किंवा बेशुद्ध करता येत नाही अशी खात्री झाल्यावर. नोव्हेंबर 2025 मध्ये पिंपरखेडला हेच घडलं. तिघांचे जीव गेले होते, लोक रस्त्यावर उतरले होते. रात्री थर्मल ड्रोननं बिबट्या हेरला, बेशुद्धीचा बाण चुकला, बिबट्या अंगावर आला आणि मग गोळी सुटली. म्हणजे तिथंही सगळा खेळ जवळचा. आपल्या पोरानं खोलीत परवान्याविना काडतूस भरलं तर मात्र शस्त्र कायद्यानं किमान सात वर्षांची कैद आहे, बिबट्या राहिला बाजूलाच.

"मारू नका, लांब नेऊन सोडा" म्हणणारेही तेवढेच चुकतात. जुन्नरनं ते करून पाहिलं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते बिबटे उचलून दुसरीकडे सोडणं सुरू झाल्यावर 17 वर गेले. एक उचलला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि उचललेला अनोळखी रानात बिथरतो.

मग आमच्या हातात काय? आमचा धोका वीस फुटांवर आहे, तर इलाजही वीस फुटांवरचाच हवा. रात्री दोन वाजता वीज येते आणि माणूस एकटा दारं धरायला उसात वाकतो. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. दिवसा तीन फेज वीज द्या, निम्मी भीती तिथंच सरेल. गोठ्याला वरपर्यंत जाळी, मेंढपाळांच्या वाड्याला आणि ऊसतोडीच्या कोपीला दिवा, घराला लागून ऊस न लावता मधे दोन वाफे मोकळे. पिंपरखेडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. लाज वाटायला हवी ती तिथं. आणि ज्या बिबट्यानं खरोखर माणूस मारलाय त्याच्यावरचा निर्णय महिन्यांत नव्हे, तासांत व्हावा. त्या वेळी नेमबाजानं गोळी झाडली तर मी हरकत घेणार नाही.

टपरीवरच्या पोरांनी परवान्याचा अर्ज जरूर लिहावा. फक्त त्यातला "रायफल" शब्द खोडून "दिवसा वीज" लिहावं. पुढच्या सोमवारी मी बैलबाजारात असेन. कागद आणा, पहिली सही माझी.