स्तंभ राजाचा, खांदा कुणाचा?

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी एक दगडी स्तंभ उभा आहे. उंची सुमारे २१ मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढी. वजन १८० टनांच्या पुढे. लोक त्याला ‘क्लिओपात्राची सुई’ म्हणतात. नाव ऐकून कुणालाही वाटेल की तो क्लिओपात्रा राणीने घडवून घेतला. तसे मुळीच नाही. तो घडला इ. स. पूर्व १४५० च्या सुमारास, तिसऱ्या थुतमोस राजाच्या काळात. क्लिओपात्रा त्यानंतर चौदाशे वर्षांनी झाली! न केलेल्या कामाचे श्रेय थोरांच्या नावावर कसे चढते, त्याचा हा नमुना. म्हणून या वेळी आम्ही या स्तंभांचीच हकीगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अशा स्तंभाला ओबेलिस्क म्हणतात. एकाच अखंड दगडातून काढलेला, चार बाजूंचा, वर निमुळता होत जाणारा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मांस भाजण्याची लहान सळई. इजिप्तचे लोक मात्र त्याला ‘तेखेन’ म्हणत. सूर्यदेवाच्या नावाने तो मंदिराच्या दारापुढे उभारीत आणि टोकाला सोन्याचा पत्रा मढवीत. उन्हात ते टोक लांबून चमके.

हा दगड येई आस्वानच्या खाणीतून. ग्रॅनाईट इतका कठीण की त्या काळची तांब्याची छिन्नी त्यावर चालत नसे. मग माणसे त्याहून कठीण अशा डोलेराईट दगडाचे गोळे हातात धरून खडक ठेचीत. ठेचून पडलेला भुगा काढायचा, पुन्हा ठेचायचे. आस्वानला असा एक अर्धवट स्तंभ आजही आडवा पडलेला आहे. लांबी सुमारे ४२ मीटर, वजन हजार टनांहून अधिक. काम चालू असतानाच दगडाला तडे गेले आणि सारी मेहनत तिथेच टाकून द्यावी लागली.

कर्नाकच्या मंदिरात हातशेप्सुत राणीचा सुमारे २९ मीटर उंचीचा स्तंभ अजून उभा आहे. हे काम सात महिन्यांत झाले, असे तिने त्यावर कोरून ठेवले आहे. महिन्यांचा हिशेब आहे. ज्यांनी ते सात महिने खडक ठेचला, त्यांची नावे नाहीत.

पुढे रोमने इ. स. पूर्व ३० मध्ये इजिप्त जिंकला. विजयाची खूण म्हणून एकेक स्तंभ जहाजात घालून रोमला जाऊ लागला. आज रोममध्ये लहानमोठे तेरा प्राचीन ओबेलिस्क आहेत. त्यांतले काही इजिप्तमधून नेलेले, काही रोमन काळातच घडवलेले.

त्यांतला एक १५८६ साली हलवून संत पीटरच्या चर्चपुढे उभा केला गेला. तीनशे टनांहून जड दगड, नऊशेच्या आसपास माणसे, शिवाय घोडे आणि दोर गुंडाळणारे मोठमोठे रहाट. कामाचा मुख्य दोमेनिको फोंताना. त्या दिवसाची एक आख्यायिका सांगतात. इशारे नीट ऐकू यावेत म्हणून, जो तोंडातून शब्द काढील त्याला देहदंड, असा हुकूम होता. स्तंभ अर्धा उचलला आणि दोर ताणून तुटायच्या बेताला आले. सारे गप्प. तेवढ्यात ब्रेस्का नावाचा एक खलाशी ओरडला, दोरांवर पाणी मारा! पाणी मारताच दोर आवळले आणि स्तंभ सावरला. खलाशाला शिक्षा नव्हे, बक्षीस मिळाले.

ही गोष्ट खरी की नंतर जोडलेली, हा वाद बाजूला ठेवू. पण त्यातले ज्ञान खरे आहे. पावसात भिजलेला सुंभ आवळतो, हे आपल्या घरच्या बायामाणसांना कुणी शाळेत शिकवलेले नाही. हाताने काम करणाऱ्याला ते ठाऊक असते. प्रश्न एवढाच, की त्याला बोलू देतात का?

आता पुन्हा लंडनच्या स्तंभाकडे येऊ. इजिप्तचा सत्ताधीश मुहम्मद अली याने १८१९ साली तो इंग्रजांना भेट दिला. न्यायचा खर्च मोठा, म्हणून ५८ वर्षे तो तिथेच पडून होता. शेवटी १८७७ साली लोखंडाचे एक लांबट नळकांडे बनवून त्यात स्तंभ घातला. त्या नळकांड्याला ‘क्लिओपात्रा’ नाव दिले आणि ‘ओल्गा’ नावाच्या आगबोटीच्या मागे बांधून ओढत आणले. ऑक्टोबरात बिस्केच्या उपसागरात वादळाने गाठले. ‘क्लिओपात्रा’वरची माणसे वाचवायला ‘ओल्गा’वरून सहा खलाशी आपणहून लहान होडीत उतरले. सहाही बुडाले. नळकांड्यावरची माणसे नंतर वाचली. दगडही पुढे तरंगत सापडला आणि १८७८ साली उभा राहिला.

पण इथे एक वेगळी गोष्ट घडली. त्या सहा जणांची नावे स्तंभाच्या पायथ्याशी लावली गेली. विल्यम ॲस्किन, मायकेल बर्न्स, जेम्स गार्डिनर, विल्यम डोनाल्ड, जोसेफ बेनबो आणि विल्यम पाटन. वर राजांची नावे, खाली खलाशांची. साडेतीन हजार वर्षांच्या त्या दगडाला आपल्यासारख्या माणसांची नावे अशी मिळाली, आणि तीही मेल्यावर.

नेलेले परत येतच नाही, असेही समजू नका. इथिओपियातल्या आक्सुमचा सुमारे २४ मीटरचा प्राचीन स्तंभ इटलीच्या फौजेने १९३७ साली रोमला नेला होता. परत देण्याचे वचन १९४७ च्या तहात दिले गेले. ते पाळले गेले २००५ साली, आणि २००८ मध्ये स्तंभ आपल्या जागी पुन्हा उभा राहिला. त्या लोकांनी मागणी सोडली नाही, म्हणून हे झाले.

वाचकहो, मुलांना घेऊन कुठलीही जुनी वास्तू पाहायला जाल, तेव्हा कोनशिलेवरचे नाव त्यांना जरूर वाचून दाखवा. मग त्यांनाच विचारा : बाळांनो, हा दगड इथवर उचलून कुणी आणला?