पारनेरला समुद्र नाही, मग बंदराचे ट्रेलर इथे काय करतात? समोरून जाणारा ट्रक असा वाचा

सुप्यात पुणे-अहिल्यानगर रस्त्याच्या कडेला चहा घेत दहा मिनिटे थांबा. कांद्याच्या गोण्या भरलेली आयशर जाईल, खडीचा हायवा जाईल, सिमेंटचा बल्कर जाईल. मधेच एखाद्या लांब ट्रेलरवर लोखंडी कंटेनर दिसेल आणि त्यावर कुठल्या तरी परदेशी जहाज कंपनीचे नाव असेल.

अशा वाहनांचे रील आता भरपूर बघितले जातात. पण ट्रकवरचे आकडे आणि अक्षरे वाचता आली, तर रस्ता खूप काही सांगतो. माल कुठे चालला, सरकारचे धोरण काय बदलले आणि कोणत्या वाहनापासून लांब राहायचे, हे सगळे त्यात असते.

पारनेरचा आणि बंदराचा संबंध काय?

पारनेर तालुक्यातून दोन मोठे रस्ते जातात. कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा राष्ट्रीय महामार्ग 61 टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत अहिल्यानगरला पोहोचतो. दुसरा रस्ता सुप्यावरून पुण्याकडे जातो आणि तिथून पुढे न्हावा-शेवा गाठता येते.

न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झाले. 2024-25 मध्ये तिथे 20 फुटी मापाने मोजले तर 70 लाखांहून जास्त कंटेनरांची ये-जा झाली. इकडे सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा विभाग आहे. कारखान्याला लागणारा परदेशी सुटा भाग असो की परदेशी निघालेला कांदा, रस्ता हाच.

ट्रकच्या दारावरचा आकडा काय सांगतो?

टाटा, अशोक लेलँड किंवा भारतबेंझच्या ट्रकवर बहुतेकदा चार आकडे असतात. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन, साधारण टनांत. पुढचे दोन म्हणजे इंजिनाची ताकद, दहाच्या पटीत. म्हणजे 2818 हा सुमारे 28 टनांचा आणि 180 अश्वशक्तीचा ट्रक. 5530 म्हणजे 55 टन आणि 300 अश्वशक्ती.

यात एक गंमत आहे. जुन्या दहा टायरी ट्रकवर 2518 असायचे, नव्यावर 2818 असते. बारा टायरीचा 3118 होता, त्याचा 3518 झाला. कारण जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका ॲक्सलवर आधी 10.2 टन भार चालायचा, आता 11.5 टन चालतो.

वाढ 13 टक्क्यांची दिसते. पण रस्ते अभियंत्यांचा ढोबळ नियम असा, की रस्त्याची झीज भाराच्या चौथ्या घाताने वाढते. त्या हिशेबाने एका ॲक्सलमुळे होणारी झीज सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. तेवढाच माल न्यायला फेऱ्या कमी लागतात, त्यामुळे थोडी भरपाई होते. पण जुन्या मर्यादेसाठी बांधलेल्या रस्त्याला हा भार सोसावा लागतो आणि खड्डा मात्र दुचाकीवाल्याच्या वाट्याला येतो.

कंटेनर कसा ओळखायचा?

कंटेनरवर चार अक्षरे आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे बहुधा ‘यू’. शेवटचा आकडा पडताळणीचा. त्याखाली आकाराचा संकेत असतो: 22 पासून सुरू झाला तर 20 फुटी, 45 पासून सुरू झाला तर 40 फुटी उंच कंटेनर. त्यातच ‘आर’ अक्षर आणि पुढच्या बाजूला थंडाव्याचे यंत्र दिसले, तर तो नाशवंत मालाचा रीफर.

पारनेरच्या कांदा उत्पादकाला हा धंदा दिल्लीतल्या एका निर्णयावर कसा चालतो किंवा थांबतो, हे नवीन नाही. डिसेंबर 2023 मध्ये कांदा निर्यातबंदी आली. मे 2024 मध्ये ती उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान दर लागला. सप्टेंबर 2024 मध्ये किमान दर गेला, शुल्क 20 टक्क्यांवर आले. 1 एप्रिल 2025 पासून शुल्क रद्द झाले. बंदराकडे जाणारा कांदा थांबला की तोच माल देशातल्या बाजारात येतो आणि भाव पडतो. म्हणून बंदर शेकडो किलोमीटर लांब असले, तरी त्याचा परिणाम थेट बाजार समितीच्या लिलावात दिसतो.

टँकरवरचा नंबर पाठ का असावा?

टँकरच्या मागे-बाजूला एका पाटीवर चार आकडी क्रमांक असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 डिझेल, 1075 स्वयंपाकाचा गॅस, 1170 इथेनॉल. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात इथेनॉल ओळखता यायलाच हवे.

डिसेंबर 2024 मध्ये जयपूरजवळ गॅस टँकरला ट्रकची धडक बसली आणि लागलेल्या आगीत अनेकांचा जीव गेला. टँकर उलटलेला दिसला तर मोबाइल काढून जवळ जाऊ नका, कॅन घेऊन तर नाहीच. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, दूर जा. विडी-सिगारेट विझवा, 112 ला फोन करा आणि पाटीवरचा नंबर लांबून दिसला असेल तर तो सांगा. अग्निशमन दलाला काय आणायचे हे त्या चार आकड्यांवरून कळते.

आणि ते प्रचंड पाते?

सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. आजच्या मोठ्या पवनचक्कीचे एक पाते 60-70 मीटर लांब असू शकते, तर साधा ट्रेलर नियमाने 18.75 मीटरपर्यंतच. म्हणून अशा मालाला खास परवानगी लागते आणि सोबत पुढे-मागे गाड्या असतात. वळणावर त्याचा मागचा भाग बाहेर फिरतो. तिथे ओव्हरटेक करणे म्हणजे भिंतीवर जाणे.

पुढे काय बदलणार?

पालघरमधल्या वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च 76,200 कोटी रुपये. बंदरांची क्षमता वाढली की घाटमाथ्यावरची अवजड वाहतूकही वाढणार. एक बदल चालकांच्या बाजूचा आहे: 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्ये रात्रंदिवस बसणाऱ्या माणसाची डुलकी ही आपल्याही जिवाची गोष्ट आहे.

रील जरूर काढा. पण रस्त्याच्या बाहेर उभे राहून, रात्री फ्लॅश न मारता आणि चालकाचा चेहरा न दाखवता. आणि मोठ्या वाहनाजवळून जाताना एवढे लक्षात ठेवा: त्याच्या बाजूच्या आरशात तुम्हाला चालक दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.